पूलमध्ये सेफ्टी आणि किक : दडपणाखाली या चुका टाळा

नाइन-बॉल (टेबलावर काठीने खेळायच्या पूलचा प्रकार; सगळ्यात लहान नंबरचा बॉल आधी लागायला हवा), स्कोअर 6-6, शेवटची रॅक म्हणजे शेवटचा डाव, आणि दोन नंबरचा बॉल सातच्या आड अर्धा लपलेला. अशा वेळी मॅच हातामुळे कमी, निवडीमुळे जास्त जाते.

सगळ्यात महाग चूक म्हणजे वाकल्यावर बेत बदलणं. पॉट करायला, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालायला वाकायचं, मधेच धीर सुटला की बॉलला नुसतं चाटून जायचं. ना पॉट, ना सेफ्टी (समोरच्याला अवघड जाईल असा बचावाचा फटका). बेत बदलला तर उठा, चॉक लावा, पुन्हा वाका. मोस्कोनी कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका नाइन-बॉल स्पर्धा) शॉटला 30 सेकंद असतात, तेवढ्यातही हे बसतं.

सेफ्टी खेळताना दोन्ही बॉल हवे तिथे नेण्याची हाव नको. एकच सांभाळा, मला विचाराल तर पांढरा, म्हणजे काठीने मारायचा बॉल. आडोशाचा बॉल पांढऱ्याच्या जितका जवळ, तितकी त्याची आड मोठी. पांढरा त्याला चिकटलाच, तर समोरच्यासाठी अर्ध्या दिशा बंद. फक्त एक विसरू नका : बॉलला स्पर्श झाल्यावर काही पॉकेट झालं नाही, तर निदान एक बॉल कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागायलाच हवा. नाजूक सेफ्टीच्या नादात हे विसरून बॉल इन हँड (समोरच्याला पांढरा हवा तिथे ठेवायची मुभा) देणाऱ्यांत मीही आहे.

आता किक, म्हणजे पांढरा आधी कुशनला मारून मग लक्ष्याला लावणं. इथे घाबरलेला माणूस जोरात मारतो, ‘लागला तर लागला’ म्हणून. पण जोराने कुशन जास्त दबते, बॉल आखूड कोनात परततो आणि तुमचा हिशेब कोलमडतो. मध्यम वेग ठेवा, साइड स्पिन देऊ नका, आणि डायमंड (कडेवरच्या खुणा) मोजा : लांब बाजूचे 8 भाग, आखूड बाजूचे 4, टेबल कुठल्याही मापाचं असो. पांढरा आणि लक्ष्य कुशनपासून सारख्याच अंतरावर असतील तर दोघांच्या बरोबर मधला बिंदू धरा. अंतरं वेगळी असतील तर बिंदू कुशनला जवळ असलेल्या बॉलकडे सरकतो.

एका कुशनने जमत असताना दोन कुशनचा मोहही टाळा. 1995 मध्ये अमेरिकेतल्या रेनोला एफ्रेन रेयेस या नामवंत खेळाडूने अर्ल स्ट्रिकलंड यांच्याविरुद्ध मारलेली झेड किक (दोन कुशनवरून Z अक्षरासारखी जाणारी) सगळ्यांनी पाहिलेली असते, पण त्यामागचा सराव कुणी पाहिलेला नसतो. त्यापेक्षा लक्ष्य कुशनजवळ आहे का ते बघा. तसं असेल तर पांढरा थोडा पुढे गेला तरी कुशनवरून परतताना लागू शकतो, म्हणजे चुकायला जागा मिळते. आणि लागल्यावर पांढरा कुठे थांबेल, हे मारण्याआधीच ठरवा. नुसतं लागणं पुरत नाही. सोपा पॉट समोर ठेवून बसलात तर फाउल केल्यासारखंच.

शेवटी फाउल मोजा. बऱ्याच नियमांत सलग तीन फाउल झाले की रॅक गेली. समोरच्याचे दोन झालेले असतील, तर अवघड पॉटपेक्षा पांढरा घट्ट लपवणं कितीतरी फायद्याचं.