मनगटाची नस दबली आहे? ऑपरेशनआधी या चुका टाळा

कापसाची वेचणी सुरू झाली की वावरातल्या बायांची एक तक्रार हमखास ऐकू येते: रात्री हाताला मुंग्या येतात, झोप मोडते, हात झटकला की बरं वाटतं. अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळी मात्र ठीक, असं असेल तर मनगटातली नस दबल्याची दाट शक्यता. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'वात आहे' म्हणत तेल चोळत राहणं. दोन्ही तळहात उजेडात शेजारी धरून बघा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा एका हाताला बसलेला दिसला, तर नस बऱ्याच दिवसांपासून दबलेली आहे. मग कोणतंही ऑपरेशन केलं तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. त्रास नवा आणि हलका असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावूनही पुष्कळांना आराम पडतो. शुगर आणि थायरॉईड मात्र तपासून घ्याच.

उघड्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीचं ऑपरेशन जास्त पक्कं, हाही गैरसमज. दोन्ही पद्धतींत मनगटाच्या आत नसेवर असलेला तोच जाड पट्टा कापतात. उघड्या पद्धतीत तळहातावर साधारण 3 ते 5 सेंटीमीटरचा चिरा, दुर्बिणीत सेंटीमीटरभराचे एक किंवा दोन. दुर्बिणीनंतर व्रण कमी दुखतो, माणूस सरासरी आठवडाभर लवकर कामाला लागतो. पण नसेला तात्पुरता त्रास होण्याचं प्रमाण थोडं जास्त, खर्चही सहसा जास्त. वर्षभरानं बघाल तर गुण सारखाच. त्या एका आठवड्यासाठी कर्ज काढून नागपूर गाठू नका. जवळच्या गावी हे उघडं ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन असेल, तर मी तिथंच करा म्हणेन. बहुतेकदा फक्त हात बधिर करून होतं, त्याच दिवशी घरी येता येतं.

वेचणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात, विळा किंवा फवारणीचा पंप धरायला महिना-दीड महिना, आणि पकड पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने लागतात. थोडं थांबता येण्यासारखं असेल तर उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर करा. उंचवटा बसायला लागला असेल तर हंगाम बघू नका.

नंतर हात गळ्यात बांधून बोटं आखडू देऊ नका, पहिल्याच दिवसापासून ती हलवा. तळहाताच्या बुडाशी दाबल्यावर काही आठवडे दुखतं, त्यानं ऑपरेशन फसलं असं होत नाही. पू, वाढती लाली, ताप किंवा नव्यानं आलेला बधिरपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना हात दाखवा.