जिन्यातला दिवा आणि उसना न्यूट्रल: घरचं सोलर बॅटरीसकट लाईनला जोडताना

गच्चीवर पॅनल बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. तोंड दक्षिणेला, टाकीची सावली चुकवायची, किलोवॅटमागे शंभरेक चौरस फूट जागा धरायची, झालं. वाशी-नेरूळकडे खाडीचा वारा आहे, म्हणून सांगाडा हॉट-डिप गॅल्वनाइज्ड आणि बोल्ट स्टेनलेसचे घ्या, नुसत्या रंगावर विसंबू नका. तरी लोक महिना-महिना ‘पॅनल कुठल्या कंपनीचं’ यावर काथ्याकूट करतात आणि ज्या डीबीत, म्हणजे बटणांच्या मुख्य डब्यात, सगळं फसतं तिचं झाकणसुद्धा उघडून बघत नाहीत.

कागदपत्रांचंही तसंच. पीएम सूर्यघर पोर्टलवर महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करायचा. बिलावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी ते बदलून घ्या, नाहीतर अनुदान अडकतं. ते २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० वर थांबतं. त्यासाठी पॅनल देशी सेलचे, म्हणजे डीसीआर लागतात. बॅटरीला वेगळं काही मिळत नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमदुरुस्तीत काढून टाकलीय, त्यामुळे ‘फिजिबिलिटी करून आणतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आणि अर्जासोबतच्या सिंगल लाईन डायग्राममध्ये, म्हणजे जोडणीच्या नकाशात, बॅटरी दाखवाच. ‘नंतर बघू’ म्हणणारा व्हेंडर नंतर फोन उचलत नाही.

आता इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा. साधा ग्रिड-टाय (फक्त लाईनला जोडून चालणारा) इन्व्हर्टर लाईट गेली की दोन सेकंदांच्या आत स्वतःही बंद पडतो, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती सक्तीची सोय आहे. लाईट गेल्यावरही घर चालू राहायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियमचाच एक प्रकार) बॅटरी म्हणजे जेमतेम ५ युनिट. चार पंखे, दिवे, फ्रीज आणि वायफाय एवढ्यावर रात्र निघते. गीझर आणि एसी तिच्यावर टाकू नका. बॅटरी भिंतीवर, सावलीत, हवेशीर जागी बसवा, गॅसच्या शेगडीपासून लांब. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार ‘लिथियम’ केलाय ना, बीएमएसची (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची) केबल बरोबर पोर्टला आहे ना, एवढं बघा.

हायब्रिडला एसी विजेची दोन तोंडं असतात: एक ग्रिड, म्हणजे महावितरणची लाईन, दुसरं बॅकअप, म्हणजे लाईट गेल्यावरही चालणारी बाजू. घरातले जे पॉईंट बॅटरीवर चालायला हवेत ते जुन्या डीबीतून काढून बॅकअपच्या नव्या डीबीत घ्यायचे. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, हलवायला अर्धा तास लागतो. खरं काम न्यूट्रलचं, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचं.

हे मी एका नेरूळच्या रो-हाऊसमध्ये शिकलो. फेज नव्या डीबीत नेले, त्यांच्या जोडीच्या दिसणाऱ्या काळ्या वायरी नव्या न्यूट्रल बारवर घेतल्या, मेन पाडून दाखवला. घर चालू, मालक खूश. आठ दिवसांनी काकूंचा फोन: ‘रोज रात्री साडेदहाला तुमचं ते बटण पडतं हो.’ ते बटण म्हणजे बॅकअपची आरसीसीबी: गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की पडणारं शॉकपासूनचं संरक्षण. मी आधी आरसीसीबी बदलली. मग फ्रीजवर संशय घेतला. मग ओल आलेल्या भिंतीवर. दोन दिवस गेल्यावर लक्षात आलं की साडेदहाला काका झोपायला वर जातात आणि जिन्यातला दिवा लावतात. त्या दिव्याचा फेज खालच्या मजल्याचा होता, न्यूट्रल वरच्या मजल्याचा. कधीकाळी कुठल्यातरी वायरमनने वायर वाचवायला टू-वे स्विचला जवळ सापडेल तो न्यूट्रल उसना घेतलेला. एका डीबीत सगळे न्यूट्रल एकाच पट्टीवर असतात, त्यामुळे ही चोरी वर्षानुवर्षं खपून जाते. डीबीच्या दोन झाल्या की उघडी पडते: करंट बॅकअपच्या फेजमधून जातो आणि परत येतो ग्रिडच्या न्यूट्रलमधून. आरसीसीबीला तो हिशेब जुळत नाही, ती पडते.

आरसीसीबी बसवलीच नसेल तर गोष्ट आणखी फसवी. लाईट असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. लाईट गेली की इन्व्हर्टर ग्रिडचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडतो, आणि तो दिवा लागत नाही. टेस्टर होल्डरमध्ये फेज दाखवतो, दिवा मात्र मुका. इथे नव्वद टक्के वायरमन काय करतात? दोन्ही न्यूट्रल बारमध्ये एक तुकडा टाकून ते जोडतात. दिवा लागतो, वायरमन पैसे घेऊन जातो. हे करू देऊ नका. त्या तुकड्याने तुमच्या बॅटरीचा न्यूट्रल रस्त्यावरच्या लाईनला कायमचा बांधला जातो, आणि इन्व्हर्टरने जो संबंध तोडायचा तो तुटतच नाही.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, पण तीच करा. मेन बंद, सोलरचा डीसी आयसोलेटर बंद, बॅटरीचा ब्रेकर बंद. सगळे एमसीबी (एकेका सर्किटची बटणं) पाडा. जुन्या बारवरचे सगळे न्यूट्रल सोडवून वेगवेगळे ठेवा. मग एका सर्किटच्या पॉईंटला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, स्विच चालू करा आणि मल्टिमीटरचं एक टोक त्या एमसीबीच्या आउटगोइंग फेजला, दुसरं एकेका न्यूट्रलला लावत जा. ज्या वायरीवर चाळीसेक ओहम दिसतील तोच त्याचा न्यूट्रल. एलईडी लावून हे होत नाही, आतला ड्रायव्हर मीटरला काही कळू देत नाही. मी स्वतः त्यात अख्खी सकाळ घालवलीय. वायरीला टेप लावून नंबर टाका. जिन्याचा दिवा, पॅसेजचा दिवा, गेटचा दिवा, जिथे जिथे दोन स्विच आहेत तिथे दोन्ही स्विचांच्या सगळ्या जोड्यांमध्ये तपासा. उसना न्यूट्रल सापडला की नवी वायर ओढा. भिंत फोडावी लागत असेल तर तो दिवा सरळ बॅकअपमधून वगळा, मात्र त्याचा फेजही त्याच्या न्यूट्रलच्याच डीबीत परत न्या. जिन्याला रिचार्जेबल बल्ब लावलात तरी कोणी पडत नाही.

सगळं परत जोडल्यावर वीज चालू करा आणि क्लॅम्प मीटरमध्ये (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) बॅकअपचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरा. घरातला एकेक स्विच दाबत जा. आकडा शून्यावरच राहिला पाहिजे. कुठल्या स्विचला तो उठला, तर चोर तिथेच आहे.

न्यूट्रल-अर्थची गाठ हा याचाच धाकटा भाऊ. लाईट गेल्यावर बॅकअपचा न्यूट्रल तरंगता राहिला तर आरसीसीबीच्या भरवशावर राहता येत नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये यासाठी आत रिले असतो, तो सेटिंगमधून चालू करा. नसेल तर बाहेरून रिले लावून घ्या. डीबीत न्यूट्रल आणि अर्थ कायमचे जोडू नका, लाईट आली की मेनकडची आरसीसीबी पडत राहील.

सीटीवरचा (मेन वायरीवरचा करंट मोजणारी कडी) बाण मॅन्युअलमध्ये दाखवलाय त्याच दिशेला हवा. उलटा बसला तर इन्व्हर्टर घेणं आणि देणं यात गफलत करतो, आणि संध्याकाळी तुमची बॅटरी गल्लीला वीज वाटत बसते.

दुपारी इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून पडत असेल, तर व्हेंडर मर्यादा वाढवून देतो म्हणेल. नाही म्हणा. २३० वर दहा टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट, ही मर्यादा नियमातली आहे. आधी इन्व्हर्टर ते मीटरची केबल जाड करून बघा. तरीही आकडा उतरत नसेल तर महावितरणकडे व्होल्टेजची लेखी तक्रार द्या.

नेट मीटर (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा) बसेपर्यंत मात्र ग्रिडला वीज सोडू नका, एक दिवसही नाही. जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बरेचदा बाहेर जाणारं युनिटही आत आलेलं म्हणूनच मोजतात. ‘जरा टेस्ट करू’ म्हणून तीन आठवडे चालू ठेवलेल्या कोपरखैरण्याच्या एका गिऱ्हाईकाला नेहमीच्या दीडपट बिल आलं, आणि ते कमी करून घ्यायला त्याला माझ्यासकट चार खेपा पडल्या.

नेट मीटर लागला त्या दिवशी इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट दोन्ही आकड्यांचा फोटो काढून ठेवा. मग भर उन्हात मेन पाडा आणि इन्व्हर्टरच्या ग्रिड टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. तिथे शून्य, बॅकअपवर २३० च्या आसपास, आणि जिन्यातला दिवा खालून-वरून दोन्हीकडून लावून बघायचा.