मानेच्या धमनीतील स्टेंट: आधी व नंतर घ्यायची काळजी
तालमीत मानेला हिसका बसल्यानंतर एका बाजूची मान व डोके दुखू लागले, त्याच बाजूची पापणी उतरली किंवा बाहुली बारीक झाली, तर मान चोळून घेऊ नये. कोल्हापुरात हे आधी सांगणे भाग आहे. अशा हिसक्याने मानेतील धमनीचे आतले अस्तर फाटून रक्त भिंतीत शिरू शकते व कधी तेथे फुगा तयार होतो, म्हणून सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे सीटी स्कॅन) करून घ्यावी. बहुतेकांना रक्ताच्या गुठळ्या रोखणारी औषधे ३ ते ६ महिने पुरतात. औषधे चालू असूनही अर्धांगवायूची लक्षणे पुन्हा दिसली किंवा फुगा वाढत गेला, तरच सहसा स्टेंटचा, म्हणजे धमनीत बसवायच्या जाळीदार नळीचा, विचार होतो. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही गुठळ्या रोखणारी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय, अगदी दात काढण्यासाठीसुद्धा, थांबवू नये. बोलणे अडखळल्यास लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.