हौसेखातर शॉर्टहँड शिकायचंय? मग लिहिण्याइतकंच वाचायलाही शिका

शॉर्टहँड, म्हणजे अक्षरांऐवजी छोट्या खुणांनी भराभर लिहायची पद्धत, म्हटलं की लोकांना एकदम स्टेनोची परीक्षा आणि मिनिटाला १०० शब्द हेच आठवतं. पण हौस म्हणून शिकणाऱ्याला तेवढ्या स्पीडची घाई कशाला? आपण लिहिलेलं पान महिन्याभराने उघडलं तरी न अडखळता वाचता आलं पाहिजे, माझ्या मते सगळी प्रॅक्टिस त्यासाठीच करावी, स्पीड मागून येतोच.

आधी सिस्टिम ठरवा. पिटमन १८३७ पासूनची, ग्रेग १८८८ ची, टीलाइन १९६८ ची. टीलाइन इंग्रजी अक्षरांवरूनच बनवलेली आहे, अक्षरं छाटून सोपी केलेली आणि स्वर बहुतेक गाळलेले, त्यामुळे लवकर हातात बसते. पिटमन आणि ग्रेग मात्र उच्चारावर चालतात, स्पेलिंग विसरायचं, 'नाइफ' मधला सुरुवातीचा के लिहायचाच नाही. पिटमनमध्ये एक गोष्ट आपल्याला फार जवळची वाटते, प आणि ब ला एकच रेघ, प बारीक आणि ब जाड, तसंच ट-ड, च-ज, क-ग. म्हणजे आपल्या वर्णमालेतल्या वर्गातलं पहिलं अक्षर बारीक आणि तिसरं जाड, हे एकदा लक्षात आलं की निम्मं पाठांतर वाचतं. फक्त जाड-बारीक दिसायला हवं, म्हणून साधं बॉलपेन चालत नाही, मऊ पेन्सिल घ्या. ग्रेगला कुठलंही पेन चालतं. हे सगळं इंग्रजीसाठी झालं, मराठी लिहायचं असेल तर मराठी लघुलेखनाचं पुस्तक वेगळं घ्यावं लागेल. एकदा ठरवलं की दोन सिस्टिमची खिचडी नको, नाहीतर एकही धड होत नाही.

मला स्वतःला ग्रेग आवडते, हात थांबत नाही, सगळं वळणावळणाने जातं. पण तिथे लांबी हाच जीव आहे. आर म्हणजे छोटी वाटीसारखी रेघ आणि एल म्हणजे तीच रेघ लांब. आता नुसतं आर अक्षर लिहिलं की इंग्रजी 'आर' (are) हा शब्द आणि नुसतं एल लिहिलं की 'विल' (will), म्हणजे रेघ मधल्याच लांबीची आली तर 'दे आर' लिहिलंय की 'दे विल' हे नंतर देवालाच ठाऊक. म्हणून सुरुवातीपासून छोटं एकदम छोटं आणि लांब चांगलं लांब काढायचं, दोन्ही शेजारी शेजारी ओळभर गिरवा, थोडं अति वाटलं तरी चालेल, स्पीड आला की फरक आपोआप कमी होतो आणि तेव्हा ही सवय उपयोगी पडते.

रोज पंधरा-वीस मिनिटं बसा, रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. त्यातली निम्मी मिनिटं वाचायला द्या, पुस्तकातले छापील धडे मोठ्याने वाचा आणि मग तेच बघून उतरवा. नेहमीच्या शब्दांची छोटी रूपं थोडी थोडी पाठ करा पण सुटी नकोत, वाक्यात घालून लिहा.

बेसिक धडे संपले की डिक्टेशन. सांगायला कोणी नसेल तर मोबाईलवर स्वतःच रेकॉर्ड करा. सोपा, ओळखीचा १५० शब्दांचा उतारा घ्या, दर १० शब्दांनंतर पेन्सिलने तिरकी रेघ मारा आणि घड्याळ बघत १५ सेकंदात एक तुकडा या हिशोबाने वाचा, झाला मिनिटाला ४० चा स्पीड. तोच उतारा तीन-चारदा घ्या. एखादा शब्द सुटला तर जागा सोडून पुढे जा, त्याच्या मागे लागलात की पुढची दोन वाक्यं गेलीच म्हणून समजा. रेकॉर्डिंग संपलं की लगेच उलगडून साध्या अक्षरात लिहा आणि मूळ उताऱ्याशी ताडून बघा. जे वाचता आलं नाही ते शब्द वहीच्या शेवटी नीट काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करा. वाचताना अडखळणं जवळपास थांबलं की मगच ५० वर जा.

आणि खऱ्या कामाला वापरा, डायरी, सामानाची यादी, लेक्चरच्या नोट्स काहीही, फक्त नावं, पत्ते आणि फोन नंबर मात्र नेहमीच्या अक्षरातच लिहा.