नागरिकशास्त्र शिकवताना या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांकडून त्याच त्या चुका होताना मी नागपुरात दरवर्षी पाहतो. त्यांतली सर्वांत मोठी चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला आहे हे न शोधताच मुलांना पत्र लिहायला बसवणे, ही ती चूक. एका पावसाळ्यात शाळेच्या फाटकासमोर मोठा खड्डा पडला, तेव्हा मी सातवीच्या 42 मुलांकडून थेट महापौरांना 42 पत्रे लिहून घेतली. मजकूर मी फळ्यावर लिहिला आणि मुलांनी तो उतरवून काढला. महापौर सभेचे अध्यक्ष असतात आणि प्रशासन आयुक्तांकडे असते, हे त्यांना आदल्याच वर्षी मी शिकवले होते. दोन महिने उत्तर आले नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा रोज विचारायचा, ''पत्रं पोचली का जी सर?'' चौकशीला गेलो तेव्हा पत्रांची नोंदच सापडली नाही, कारण पोच घ्यायचे मला सुचले नव्हते. शिवाय टेबलावरच्या बाबूंनी शांतपणे सांगितले की तो रस्ता मुळात त्यांच्याकडे नाहीच. आपल्या शहरात महानगरपालिकेखेरीज 1936 च्या कायद्याने स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास आहे, सार्वजनिक बांधकाम विभाग आहे, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला त्यांच्या हद्दी दिसत नाहीत.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा की पहिला आठवडा केवळ 'हे कोणाचे?' या प्रश्नाला द्यायचा. मुले विचारून येतात, चुकतात, पुन्हा विचारतात. मग अर्ज एकच, मुलांच्या शब्दांत, मुख्याध्यापकांच्या सहीने. 'रस्ता खराब आहे' असे न लिहिता 'फाटकापासून बारा पावलांवर, विजेच्या खांबाजवळ' असे लिहायचे आणि सोबत हाताने काढलेला नकाशा जोडायचा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. त्या खड्ड्यात तीन आठवड्यांनी मुरूम पडला. डांबर दिवाळीनंतर आले. इतका वेळ कोणाला आहे, असे विचारणाऱ्या शिक्षकांनी हा उपक्रम हाती घेऊ नये.

दुसरी चूक झाडूची. हातमोजे घालून अर्धा तास कचरा उचलायचा, फोटो काढायचा आणि अहवालात 'सक्रिय नागरिकत्व' लिहायचे, हा आळशी मार्ग आहे. स्वच्छता चांगलीच, पण कचरागाडी त्या गल्लीत का येत नाही, हे विचारल्याशिवाय तो नागरिकशास्त्राचा तास होत नाही.

'तुमचा नगरसेवक कोण?' असा एकवचनी प्रश्न विचारू नये. 2017 च्या निवडणुकीत नागपुरात 38 प्रभागांतून 151 नगरसेवक निवडून आले, म्हणजे एक सोडून प्रत्येक प्रभागात चार.

मूलभूत कर्तव्ये पाठ करून घेऊन थांबू नये. वर्गात पक्षांची नावे निघाली तर घाबरू नये. मात्र आपले मत दारातल्या चपलांसोबत बाहेर ठेवावे.

आणि वर्गप्रमुखाची निवडणूक घ्यायची असेल तर मतदान गुप्तच घ्यावे. हात वर करायला लावले की मुले आधी शेजाऱ्याचा हात पाहतात, आणि नंतर आपला उचलतात.