जड काडतुसं आणि लिव्हर-अ‍ॅक्शन: माझा अनुभव

.४५-७० मापाच्या माझ्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलमध्ये, म्हणजे ट्रिगरजवळची लिव्हर खाली-वर करून काडतूस आत घेणाऱ्या बंदुकीत, ३०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक) काडतुसं लोण्यासारखी सरकायची. ४०५ ग्रेनची भरली की लिव्हर अर्ध्यावर अडायची. गोळीबार न करता आधी डमी काडतुसं घेतली, म्हणजे दारू आणि प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) नसलेली. तरीही बंदुकीची नळी मोकळ्या दिशेलाच ठेवली. या बाबतीत मी हट्टी आहे.

लिव्हर सावकाश उघडत आत पाहिलं. मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या, नळीतून आलेलं काडतूस लिफ्टरवर (ते वर उचलणाऱ्या पट्टीवर) पूर्ण बसतच नव्हतं, टोक नळीच्या तोंडातच राहत होतं. त्यामुळे लिफ्टर वर उचलला जाईना. कॅलिपरने मोजलं, तर लांबी २.५५ इंचांच्या कमाल मर्यादेपेक्षा किंचित जास्त. दोष वजनाचा नव्हता, लांबीचा होता! तेवढ्याच वजनाची, पण आखूड आणि सपाट टोकाची काडतुसं आणली. टोक सपाटच हवं. मॅगझिनच्या नळीत एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं, आणि टोकदार गोळीने तिथे स्फोट होऊ शकतो.

मग रेंजवर खरी परीक्षा. मॅगझिन पूर्ण भरून, कारण स्प्रिंगचा दाब तेव्हाच सर्वाधिक असतो. लिव्हर कधी हळू, कधी झटक्यात, पण दर वेळी शेवटपर्यंत. काही गोळ्या झाडल्यावर नळीत उरलेली काडतुसं काढून पुन्हा मोजली. धक्क्याने गोळी काडतुसाच्या पितळी केसमध्ये आत सरकते का, ते यातून कळतं. क्रिम्प (गोळीभोवती आवळलेली केसची कड) घट्ट होता, लांबी तशीच. आता शिकारीला हीच वापरतो.