परसातल्या कोब्याची तयारी

घरामागं काँक्रीटचा कोबा घालायचं मनात आलं की पहिला फोन गवंड्याला जातो. तो फोन जरा लांबवा आणि आधी परसातलं पाणी बघून घ्या. पावसाळा असेल तर मोठी सर कोसळत असताना छत्री घेऊन मागं उभं राहा. उन्हाळा असेल तर जोत्याच्या कडेला होज पाईप अर्धा तास सोडा. पागोळ्या नेमक्या कुठं पडतात, गच्चीचा पाईप कुठं मोकळा होतो, शेजारच्या प्लॉटातलं पाणी आपल्याकडं येतं का, डबकं कुठं साचतं आणि किती वेळात जिरतं, हे सगळं कागदावर काढा. मातीचं परस पडलेलं पाणी बरंचसं पिऊन टाकतं. कोबा पीत नाही. त्याच्यावर पडलेलं सगळं पाणी वाहणार, आणि ते कुठं जायचं हे आपण ठरवलं नाही तर घराच्या भिंतीशी नाही तर कुंपणाच्या पायाशी जाऊन बसणार. त्यामुळं यादीतली पहिली नोंद म्हणजे पाणी बाहेर पडायची जागा. बागेचा वाफा चालेल, असलेली नाली चालेल, आणि दोन्ही नसेल तर तीन फूट लांब-रुंद-खोल शोषखड्डा खणून त्यात विटांचे तुकडे आणि खडी भरावी. शेजाऱ्याच्या हद्दीत मात्र उतार कधीही काढू नये. कोबा होऊन जातो आणि भांडण मागं राहतं.

दुसरी गोष्ट मापाची. कागदावर १२ बाय १५ फूट मोठं वाटतं, पण जागेवर फक्की मारून चौकोन आखला आणि त्यात खाट, चार खुर्च्या, कपडे वाळत घालायची दोरी, धुण्याचा दगड मांडून पाहिलं की खरा अंदाज येतो. कुरडया-पापड घालायचे असतील तर एप्रिल-मे महिन्यात ऊन कुठवर येतं ते बघा. संध्याकाळी बसायला हवा असेल तर सावली बघा. पश्चिमेच्या बाजूला झोपायच्या खोलीची खिडकी असेल तर दिवसभर तापलेला कोबा रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहतो, तेव्हा तिथं माप आवरतं घ्यावं. आणि सगळं परस झाकू नये असं मी आग्रहानं सांगेन. अर्ध्याहून अधिक जागा मातीची राहिली तर पाऊस जमिनीत मुरतो, आडाला-बोअरला पाणी राहतं, कढीपत्ता आणि अळू जगतं.

चौकोन आखून झाला की त्याच्या आत काय काय येतं ते मोजा. सेप्टिक टँकचं झाकण, ड्रेनेजचे चेंबर, पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह यांपैकी काहीही कोब्याखाली गाडायचं नसतं. चेंबरच्या भिंती नव्या पातळीपर्यंत आधीच वाढवून घ्याव्या लागतात. बोअर असेल तर पंप वर ओढायला तिकाटणं (तीन खांबांची तिपाई) उभं राहील एवढी मोकळी जागा त्याच्याभोवती सोडा. नारळ, आंबा, शेवगा यांचं आळं ऐसपैस ठेवा, बुंध्याला चिकटून काँक्रीट आलं तर झाड वाढताना ते उचकटतं आणि झाडालाही जाच होतो. पुढं कधी बागेत दिवा किंवा नळ हवासा वाटेल. आत्ता तो घ्यायचा नसला तरी कोब्याखालून एक-दोन रिकामे पीव्हीसी पाईप आडवे टाकून तोंडं बंद करून ठेवा. किंमत मामुली, आणि नंतरची फोडाफोड वाचते. मागचं सामासिक अंतर, म्हणजे घर आणि हद्द यांच्यामधली जागा, नियमानुसार मोकळं ठेवायचं असतं हेही ध्यानात असू द्या. जमिनीलगतचा कोबा वेगळा आणि त्याच्यावर खांब रोवून पत्रा घालणं वेगळं. पत्र्याचा विचार असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आधी विचारावं.

आता जमीन. इथं घाई केली की वर कितीही चांगलं काँक्रीट घाला, उपयोग नाही. कोकणात जांभ्याची जमीन असेल तर काम सोपं. वरची भुसभुशीत माती काढली की खाली कठीण लागतं. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात काळी माती असली तर सावध व्हा. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि वरचा कोबा खालून उचलते. अशा मातीत निदान एक-दोन फूट खोदून ती माती काढावी आणि तिथं मुरूम भरावा. काढलेली माती बागेत टाका, झाडांना ती सोन्यासारखी. नवीन घर असेल तर आणखी एक धोका असतो: पायाचा चर बुजवताना भिंतीलगत टाकलेली माती सहसा कुणी नीट चोपत नाही. बारा एमएमची सळई हातानं दाबून बघा. फूटभर सहज आत गेली तर तो भराव कच्चा आहे. एक पावसाळा जाऊ द्या, किंवा ती माती उकरून मुरमाचे थर देऊन पुन्हा भरा.

मुरूम एकदम ओतून वरून धुम्मस (जमीन चोपायचं जड अवजार) मारण्यात अर्थ नाही, कारण मार वरच्या काही इंचांपुरताच पोचतो. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस, मग पुढचा थर. चालण्या-बसण्यापुरता आणि एखादी दुचाकी उभी करण्यापुरता कोबा असेल तर चांगल्या जमिनीवर दाबून सहा इंच मुरूम पुरतो. १२ बाय १५ ला हा दाबलेला मुरूम ९० घनफूट होतो, दाबल्यावर तो बसतो म्हणून सव्वा ब्रास मागवा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). चारचाकी येणार असेल तर खाली डबराचं सोलिंग (मोठ्या दगडांचा थर) घ्या आणि कोब्याची जाडीही वाढवा. तो हिशेब वेगळा.

पातळी काढताना जोत्यापासून खाली यायचं. भिंतीलगत कोब्याचा वरचा भाग जोत्याच्या सहा इंच खाली असावा, म्हणजे पावसाचं उडणारं पाणी दारात येत नाही. तिथून फुटाला पाव इंच उतार. घरापासून बारा फूट लांबीला तीन इंच होतात, म्हणजे पलीकडची कड जोत्याच्या नऊ इंच खाली आली, आणि तीही बागेच्या मातीच्या इंच-दोन इंच वर राहिली पाहिजे, नाही तर पाणी कडेलाच अडेल. “एवढा उतार कशाला, दिसायला वाईट दिसतं” असं कुणी म्हणेल. खुर्ची ठेवून बसल्यावर तो उतार जाणवतही नाही. हे सगळं नजरेनं ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्या, खुंट्या ठोका, कोब्याच्या वरच्या पातळीला दोरी बांधा, आणि खुंटीवर खूण करून ठेवा. काटकोन तपासायला दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले की चौकोन सरळ. खोदाई या दोरीपासून मोजायची: चार इंच काँक्रीट आणि सहा इंच मुरूम, म्हणजे दोरीखाली दहा इंच.

मालाचा हिशेब असा. चार इंच जाडीनं १८० चौरस फुटांना ६० घनफूट काँक्रीट लागतं. एक भाग सिमेंटला दीड भाग वाळू, तीन भाग खडी असं प्रमाण धरलं तर ५० किलोच्या १४ गोण्या सिमेंट, पाव ब्रास वाळू आणि अर्धा ब्रास खडी होते. सांडलवंडीसाठी एक गोणी जास्त धरा. खडी पाऊण इंची घ्या, त्यात थोडी बारीक असली तर काँक्रीट दाट बसतं. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेत असाल तर धुतलेली मागा. नुसती भुकटी आली तर ती परत पाठवायची तयारी ठेवा. नदीची वाळू असेल तर काचेच्या बरणीत पाणी घालून ढवळा आणि काही तास ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू नको. सिमेंटच्या गोणीवर ते कधी भरलं त्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, तीन महिन्यांच्या आतलं घ्या, आणि गोणी उघडल्यावर हाताला गुठळ्या लागल्या तर ती बाजूला काढा. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर, प्लॅस्टिक झाकून. वाळू-खडी जुन्या फ्लेक्सवर उतरवा म्हणजे माती मिसळत नाही आणि शेवटचं घमेलंही वापरता येतं.

एवढ्याशा कामाला रेडीमिक्सची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी गल्लीत आणणं बहुतेक वेळा परवडत नाही, भाड्याचा मिक्सर बरा. तो फाटकातून आत येतो का ते आधी टेपनं मोजा. गवंड्याशी बोलताना दर मजुरीचा की मालासकट, खोदलेली माती आणि राडारोडा कोण उचलणार, मिक्सर कुणाचा, पाणी कोण मारणार, हे चार ओळींत लिहून घ्या. प्रमाण फावड्यांनी मोजू देऊ नका. एका गोणीचं सिमेंट साधारण ३५ लिटर भरतं, त्याच मापाची लाकडी पेटी करून घेतली तर दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी, वाद उरत नाही. ओली वाळू फुगते हे लक्षात ठेवून ती थोडी चढती मोजावी.

आणि पाणी: गोणीला २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. संपूर्ण कामात माझा सगळ्यात जास्त जीव इथं अडकतो. माल पसरायला सोपा व्हावा म्हणून मजूर बादली ओततच राहतात. त्यांचे हात भरून आलेले असतात, त्यांचाही दोष नाही. पण जास्तीचं पाणी उडून गेलं की त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, वरचा थर कच्चा होतो, झाडताना धूळ सुटते. म्हणून १० किंवा २० लिटरची, माप माहीत असलेली बादलीच मिक्सरजवळ ठेवा आणि घरातलं एक माणूस फक्त तिथं उभं करा. १४ गोण्यांना साडेतीनशे लिटर लागतं, अवजारं धुणं आणि मुरूम भिजवणं धरून २०० लिटरची तीन पिंपं आदल्या रात्री भरून ठेवावीत. नळाला पाणी सकाळी येतं की संध्याकाळी, यावर विसंबू नका.

भेगांचा विचार ओतायच्या आधी करायचा. काँक्रीट वाळताना आक्रसतंच, ते थांबत नाही. भेग कुठं पडावी एवढं आपल्या हातात असतं. चार इंचांच्या कोब्याला आठ-दहा फुटांपेक्षा मोठा तुकडा नसावा, आणि तो फार लांबोडकाही नसावा. आपल्या मापाचे सहा बाय साडेसात फुटांचे चार तुकडे छान पडतात. खाचा इंचभर खोल, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कटरनं. चेंबरच्या कोपऱ्यातून भेग हमखास निघते, म्हणून शक्य तिथं खाच त्या कोपऱ्यातूनच न्या. भिंतीलगत अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी लावा, म्हणजे कोबा आणि घर आपापलं हलतील. जाळी घालायची असेल तर ८ एमएमच्या सळया, आठ-आठ इंचांवर, आणि त्यांच्याखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी उचलून धरणारे छोटे ठोकळे. जमिनीवर पसरून वरून काँक्रीट टाकलेली जाळी तळाशीच पडून राहते, तिचा पैसा वाया. जाळी आहे म्हणून खाचा टाळू नयेत.

दिवस निवडताना दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात विदर्भासारख्या उन्हात ओतायचंच असेल तर पहाटे उजाडताच सुरू करा. गाव टँकरवर असेल तर काम पुढं ढकला, कारण नंतर मारायलाच पाणी नसेल. ओतायच्या आधी मुरूम भिजवा, पण त्यावर पाणी साचलेलं नको. कडेनं साचा म्हणून उभ्या केलेल्या फळ्यांना आतून तेल लावा. माल पसरला की आडपट्टीनं ओढून घ्या, रंधा (गवंड्याची सपाट लाकडी थापी) मारा, आणि वर आलेलं पाणी आटेपर्यंत थांबा. चकचकीत व्हावा म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटण्याचा आग्रह धरू नका. गुळगुळीत कोब्यावर श्रावणात शेवाळं धरलं की म्हाताऱ्या माणसांना तिथं पाऊल टाकायची भीती वाटते. मऊ खराटा उताराच्या आडव्या दिशेनं एकदा ओढला की पुरेसा खरखरीतपणा येतो. अनवाणी पायांनाही तो बोचत नाही.

पाणी मारायची सोय हा यादीतला असा भाग आहे जो गवंडी गेल्यावर सुरू होतो. म्हणून तो घरातल्या कुणाच्या तरी नावावर टाका. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला) किमान दहा दिवस ओल राहिली पाहिजे. घरकामाला मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी असतं, तेव्हा चौदा दिवसच धरा. उताराच्या कोब्यावर आळी करून पाणी साठवणं कठीण जातं. त्यापेक्षा गोणपाट अंथरून ते सतत ओलं ठेवणं सोपं, म्हणून किराणा दुकानातून रिकामी पोती आधीच गोळा करा. सकाळ-संध्याकाळ पाणी मारून मधे कोरडं पडू देणं पुरेसं नाही. दुसऱ्या दिवसापासून हलक्या पायानं चालता येतं, खाट-खुर्च्या आठवड्यानंतर, जड कुंड्या आणि दुचाकी चार आठवड्यांनी.

शेवटी खाचा साफ करून त्यात डांबर किंवा सांधे भरायचं सीलंट भरून घ्या, आणि फळ्या काढल्यावर कडेला पडलेली पोकळी मातीनं चोपून भरा. ही दोन्ही कामं मृगाच्या आधी उरकली पाहिजेत.